घनता मोजायला लायटर

स्थायूची घनता जास्त, द्रवाची त्याहून कमी, वायूची सगळ्यात कमी. भाचीने हे वाक्य घोकलं होतं. मी म्हटलं, मोजूनच बघू.

पहिल्या दोन अवस्था फारसा त्रास देत नाहीत. पुण्यातल्या थंडीत खोबरेल तेल आपोआप गोठतंच. त्याचा खडा पातळ तेलात टाकला, तो सरळ तळाला गेला. बर्फ मात्र पाण्यावर तरंगतो, त्यामुळे मोजपात्रात त्याचं आकारमान नीट मिळत नाही. तिथे रॉकेल कामी आलं. त्याची घनता ०.८ च्या आसपास, म्हणून बर्फ त्यात बुडतो आणि वितळतोही सावकाश. उत्तर आलं ०.९१ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर, पुस्तकात ०.९१७ आहे. पाण्याचं १, म्हणजे फरक आठ-नऊ टक्क्यांचा. आणि तोही घोकलेल्या वाक्याच्या उलट!

खरी कसोटी वायूची. फुगा फुगवून काट्यावर ठेवला तर आतल्या हवेचं वजन जवळजवळ दिसतच नाही, कारण बाहेरची हवा त्याला तेवढ्याच जोराने वर ढकलत असते. फुग्यात तीन लिटर हवा असेल तर तिचं वजन साडेतीन ग्रॅम भरायला हवं. काटा दाखवतो ते दाबून भरलेल्या जादा हवेचं.

म्हणून पारदर्शक लायटर घेतला. त्यात ब्युटेन दाबाखाली द्रवरूपात असतं, डोळ्यांना दिसतंही. २५० मिलिलिटरचं मोजपात्र पाण्याने भरून बादलीत उपडं धरायचं, खाली लायटर धरून नुसती कळ दाबायची, की बुडबुडे वर साठत जातात. खिडक्या उघड्या, शेगडी बंद, देवघरातली निरांजनही विझवलेली. हे काम मोठ्या माणसाशिवाय करू नये.

वेळखाऊ भाग लायटर कोरडा करण्याचा. काटा ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा, सोनाराच्या काट्यासारखा. चाकाच्या फटीत पाण्याचा थेंब राहिला की सगळा हिशोब गेला. उपाय असा: लायटर आधी एकदा पाण्यात बुडवायचा, झटकून पुसून पंख्याखाली ठेवायचा आणि आकडा स्थिरावला की तेच सुरुवातीचं वजन धरायचं. वायू काढल्यावर पुन्हा तसंच. मोजपात्र वाचताना आतली आणि बाहेरची पाण्याची पातळी एक करायची, म्हणजे आतला दाब बाहेरच्या हवेइतका होतो.

वजन घटलं ०.५८ ग्रॅमने. भागाकार २.३ ग्रॅम प्रति लिटर. हवा सुमारे १.२, म्हणजे हा वायू हवेच्या जवळपास दुप्पट जड. घरगुती गॅसही हवेहून जडच, त्यामुळे गळतीचा डिटेक्टर जमिनीलगत लावतात. द्रव ब्युटेनची घनता ०.५७ च्या आसपास. लायटरमधला जेमतेम एक मिलिलिटर द्रव गेला आणि अख्खं मोजपात्र भरलं! भाचीने घरातल्या १४.२ किलोच्या सिलिंडरचा हिशोब लगेच मांडला: सहा हजार लिटरहून जास्त वायू.

वाफेचा नाद सोडला. गार मोजपात्रात शिरताच तिचं पाणी होतं. तिथे पुस्तकावरच विसंबलो: १०० अंशांना एक लिटर पाण्याची सुमारे १६०० लिटर वाफ.