पाचवा महिना आणि वासोटा

वासोटा किल्ल्यावर जायचं तर आधी बामणोलीला वनखात्याच्या कचेरीत नाव, गाव, माणसं किती, सगळं लिहून घेतात. प्लास्टिकच्या बाटल्यासुद्धा मोजतात. कुणाला दिवस गेलेत का, हे मात्र विचारत नाहीत. माझ्या अंगात ढगळ टी-शर्ट, वर थंडीचं जॅकेट. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे बघितलं आणि सही ठोकली.

खरं तर नाताळच्या सुट्टीत कोकणात जायचं चाललं होतं. नणंद आणि तिचे यजमान ठाण्याहून आले होते, समुद्राकाठी चार दिवस पडून राहू म्हणत होते. पण कुंभार्ली घाटाचं नाव काढलं तरी माझ्या पोटात ढवळायचं. मग मीच म्हटलं, वासोटा करू. सगळे गप्प झाले. सासूबाई भाजी निवडत होत्या, त्यांनी मानही वर केली नाही. "जिजाऊंना गडाचे डोहाळे लागले होते म्हणतात, हिला लागले तर काय बिघडलं," एवढंच बोलल्या. सासूबाईंचा पाठिंबा म्हटल्यावर नवऱ्याचा विरोध आपोआप मावळला.

इथे एक गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे उगाच कुणी पेटून उठायला नको. मी कॉलेजपासून डोंगरात फिरतेय आणि दिवस गेल्यावरही अजिंक्यताऱ्याचं चढणं सोडलेलं नव्हतं. पाचव्या महिन्यातली मोठी सोनोग्राफी होऊन गेली होती. वार (प्लॅसेंटा) वरच्या बाजूला, रक्तस्राव कधीच नाही, हिमोग्लोबिन ठीक, बीपी ठीक. हे सगळं समोर ठेवूनच डॉक्टरबाईंना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, चढायला माझी ना नाही, पडायला आहे. चालताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. धाप लागून शब्द तुटायला लागले की बसायचं. तहान लागायची वाट न बघता पाणी प्यायचं. कळ आली, पाणी गेलं किंवा डाग दिसला तर तिथूनच मागे. आणि मग त्यांनी विचारलं, "तिथून सातारा किती लांब?" या प्रश्नावर आम्ही घरी दोन रात्री काथ्याकूट केला. डोंगरापेक्षा हाच मुद्दा मोठा होता. वरून खाली दोन-तीन तास, मग बोट, मग कासमार्गे तासाभराहून जास्त गाडी, आणि फोनला रेंज नाही. म्हणून दोन गोष्टी ठरल्या. बोट दुसऱ्या कुणाबरोबर वाटून न घेता पूर्ण आमच्यासाठी घ्यायची, म्हणजे कधीही परतता येईल. आणि साडेबाराला जिथे असू तिथून मागे फिरायचं, मग माथा हाताच्या अंतरावर का असेना.

पहाटे यवतेश्वरचा घाट चढलो. कास पठारावर डिसेंबरात पिवळं गवत सोडून काही नसतं. 2012 साली पश्चिम घाटाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यात कासही आलं, आणि फुलांच्या दिवसांत तिथे पाय ठेवायला जागा उरली नाही. आता रस्ता आमच्या एकट्याचा होता. वळणांवर मी खिडकी उघडून आल्याचा तुकडा चघळत बसले. सबंध प्रवासात मला सगळ्यात जास्त त्रास झाला तो इथेच, गाडीत.

बामणोलीहून बोट निघाली की शिवसागर पसरत जातो. कोयना धरणाचं हे पाणी, 105 टीएमसी म्हणजे 105 अब्ज घनफुटांचं. सासूबाईंच्या आईचं गाव या पाण्याखाली आहे. 1960च्या दशकात धरण भरलं, गावं उठली, माणसं सोलापूरकडे, सांगलीकडे, ठाण्या-रायगडाकडे पांगली. सासूबाईंची आजी म्हणे भरल्या दिवसांत डोक्यावर गवताचा भारा घेऊन याच डोंगरांतून ये-जा करायची. हे ऐकवून मला धीर द्यायचा त्यांचा हेतू होता. मला तो दाखला फारसा पटत नाही. त्या बाईला दुसरा इलाज नव्हता, आणि किती जणींचं काय झालं हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. मी सुट्टी काढून, बोट ठरवून, हौसेने निघालेली.

बोट मेट इंदवलीला टेकली. इथून पुढे कोयना अभयारण्य. 2010 पासून ते चांदोलीसह सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. संध्याकाळी पाचच्या आत खाली या, असं बजावून सोडतात. बरोबर खोऱ्यातलेच एक मामा वाटाडे म्हणून घेतले होते. त्यांनी मला नीट न्याहाळलं आणि म्हणाले, "ताई, चढायचं काय न्हाय, कुनीबी चढतंय. उतरताना बगू."

धरण काठोकाठ भरतं तेव्हा पाणी 659 मीटरवर असतं आणि वासोट्याचा माथा साधारण 1170 वर. म्हणजे उभा पाचशे मीटरचा चढ. सुरुवातीला ओढा, मारुती-गणपतीचं ठाणं, मग गच्च रान. ऊन खाली पोचत नाही, त्यामुळे अंग तापत नाही. माझ्यासाठी हे फार मोलाचं होतं. गरोदरपणात अंगातलं रक्त जवळजवळ दीडपट होतं आणि हृदयाला ते सगळं फिरवावं लागतं. सपाटीवर हे जाणवत नाही. पहिल्या खड्या टप्प्यावर मात्र कानात ठोके वाजायला लागले. मग मी नणंदेला मोठ्याने आमच्या सोसायटीतल्या पार्किंगच्या भांडणाची हकिकत सांगायला घेतली. वाक्य तुटलं की थांबायचं, घोटभर पाणी, गूळ-शेंगदाण्याचा बकाणा, पुन्हा पुढे. भांडण संपेना आणि चढही संपेना. नंदावे बिचारे शेकरू दिसेल म्हणून मान वर करून चालत होते. माझ्या बडबडीने एकही शेकरू जवळपास फिरकलं नाही.

लघवीचं सांगायलाच हवं, कारण प्रवासवर्णनांत ते कुणीच लिहीत नाही. पोटातलं ओझं खाली दाबतं, त्यात पाणी पीत राहायचं, म्हणजे दर थोड्या वेळाने जावंच लागतं. नणंद ओढणी धरून पहाऱ्याला उभी. एकदा मागे पाला जोरात खसखसला आणि आम्हा दोघींना गवा आठवला. निघाली रानकोंबडी.

वाटेत एक मोठा ग्रुप भेटला. त्यातल्या एका काकांच्या लक्षात आलं. त्यांनी नवऱ्याला बाजूला घेऊन समजावलं. मला नाही, त्याला! पोट माझं, पाय माझे, आणि बौद्धिक त्याला. तो बिचारा "हो हो" करत राहिला. काकांच्या बायकोने मात्र मला गुपचूप दोन खजूर दिले आणि "सावकाश हं" म्हणाली.

नागेश्वरच्या गुहेकडचा फाटा मागे टाकला, पायऱ्या लागल्या आणि साडेबाराच्या बऱ्याच आधी आम्ही बिनछपराच्या मारुतीपुढे उभे होतो. माथ्यावर पाण्याचं टाकं आहे, वाड्याची जोती आहेत. माचीवर बसून भाकरी, ठेचा, दही खाल्लं. ठेच्याने छातीत जळजळणार हे माहीत होतं, तरी खाल्लाच. समोर नागेश्वरचा सुळका आणि खाली सरळ तुटलेलं कोकण. जायचं होतं तिथे, बघितलं वरून.

या किल्ल्यावरची मला सगळ्यात आवडणारी बाई म्हणजे ताई तेलीण. पंतप्रतिनिधींच्या बाजूने तिने हा गड दुसऱ्या बाजीरावाच्या फौजेशी काही महिने झुंजवला. समोर बापू गोखल्यांसारखा सेनापती होता. 1818 मध्ये इंग्रजांनी शेजारच्या जुन्या वासोट्यावर तोफा चढवल्या तेव्हा मात्र गड फार टिकला नाही. तो जुना वासोटा आणि मधला बाबूकडा बघायला नणंद आणि नंदावे गेले. मी गेले नाही. घड्याळात साडेबारा झाले होते आणि नवरा हाताची घडी घालून उभा होता.

मामा म्हणाले ते खरं निघालं. चढताना पोट पुढे असलं तरी तोल डोंगराकडे असतो. उतारावर तेच पोट पुढे ओढतं. त्यात या दिवसांत सांधे सैल झालेले असतात, घोटा कधी लचकेल सांगता येत नाही. खाली वाळक्या पाल्याचा थर, त्याखाली मुळं. मामांनी मला आडवं उतरायला लावलं: काठी खालच्या बाजूला रोवायची, खालचा पाय टेकवून पाल्यात दाबून बघायचा, खाली भक्कम लागलं की मगच वरचा पाय उचलायचा. दर पावलाला हेच. मध्येच बुटाची नाडी सुटली. वाकले तर पोट आडवं, बसले तर उठायची पंचाईत. नवऱ्याने गुडघ्यावर बसून दोन्ही बुटांना दुहेरी गाठी मारल्या. त्या घरी गेल्यावर सुरीने कापाव्या लागल्या. उतरायला चढण्याएवढाच वेळ लागला. पडले नाही.

बोटीत डिझेलचा वास, इंजिनाची थरथर, आणि त्यातच पोटात एक ठसठशीत ढुशी. माचीवर एवढं कोकण समोर होतं तेव्हा पोरगं निवांत झोपलेलं, आणि जाग आली ती डिझेलच्या वासाला.

दुसऱ्या दिवशी मांड्या इतक्या भरून आल्या की घरचा जिना उलटा उतरले. पुढच्या तपासणीला डॉक्टरबाईंनी बीपी बघितलं, ठोके ऐकले, पायावर सूज आहे का दाबून बघितलं आणि लोहाच्या गोळ्या पुढे चालू ठेवल्या. मी फोटो दाखवला. त्यांनी चष्मा वर करून बघितला आणि म्हणाल्या, "छान. आता बास. इथून पुढे अजिंक्यतारा, तोही डांबरी रस्त्याने."

सध्या तेच चालू आहे. फिरायला येणारे आजोबा मला मागे टाकून जातात आणि वरून हात करतात.