होळीला पेरलेलं सोयाबीन

गोदावरीच्या खोऱ्यातलं एक छोटं उपखोरं. नाव देत नाही, अहवाल अजून फायलीतून फिरतोय. काम नेहमीचंच होतं: स्वॅट या पाणलोटाचं गणित मांडणाऱ्या संगणकप्रणालीत मॉडेल उभं करायचं, नदीचा प्रवाह जुळवायचा, कोणत्या शेतजमिनीतून किती गाळ आणि किती नायट्रेट येतं ते काढायचं, आणि मग बांधबंदिस्ती, गवताचे पट्टे, खताची मात्रा यांपैकी कशाने किती फरक पडेल ते सांगायचं. मासिक प्रवाहाचा एनएसई ०.८२ आला होता. एनएसई म्हणजे मॉडेलची गुणपत्रिका. १ आला तर तंतोतंत जुळलं. ० आला तर मॉडेल न चालवता नुसती सरासरी सांगितली असती तरी तेवढंच साधलं असतं. मोरियासी आणि सहकाऱ्यांच्या २००७ च्या मोजपट्टीत ०.७५ च्या वर ‘फार चांगलं’ असा शेरा मिळतो. कार्यालयात पेढे वाटायचेच काय ते बाकी होते.

बरं, आम्ही काही डोळे मिटून काम केलं नव्हतं. पावसाचंच घ्या. हवामान खात्याच्या पद्धतीत दिवसाचा पाऊस सकाळी साडेआठला मोजतात आणि मोजला त्या तारखेच्या नावावर लिहितात. म्हणजे १५ जुलैच्या रकान्यातला पाऊस बहुतेक १४ जुलैचा असतो. मॉडेल मात्र मध्यरात्र ते मध्यरात्र असा दिवस धरतं. ही तारीख एक दिवस मागे सरकवली नाही, तर मॉडेलचा पूर नदीच्या पुराच्या मागून एक दिवस उशिरा येतो, आणि मग पोरं वाहिनीचा खडबडीतपणा बदलत बसतात. आम्ही तारीख सरकवली होती. मातीसाठी जगाचा ढोबळ नकाशा न घेता नागपूरच्या मृदा सर्वेक्षण संस्थेचा घेतला होता, कारण ढोबळ नकाशात हे अख्खं खोरं एकाच काळ्या रंगात रंगवलेलं असतं. माळावरची वीतभर मुरमाड जमीन आणि नदीकाठची पुरुषभर खोल काळी त्यात एकच.

नायट्रेटने मात्र दोन आठवडे खाल्ले. पुलावरून घेतलेल्या नमुन्यांपेक्षा मॉडेलचं नायट्रेट सव्वाचार-साडेचार पट कमी. आमच्यातल्या एकाने नायट्रेट झिरपण्याचा गुणांक ०.२ वरून वाढवत वाढवत जवळपास १ पर्यंत नेला, तरी जुळेना. शेवटी प्रयोगशाळेचा कागद पुन्हा वाचला. तिथे आकडा ‘नायट्रेट’ म्हणून दिलेला होता. मॉडेल मात्र ‘नायट्रेटमधलं नत्र’ मोजतं. नायट्रेटच्या रेणूचं वजन ६२, त्यातलं नत्र १४, भागाकार ४.४३. पिण्याच्या पाण्याची आपली ४५ मिलिग्रॅमची मर्यादा आणि अमेरिकी कागदांतली १० ची मर्यादा बहुतांशी एकच आहे, ती याच कारणाने. स्फुरदाचंही तसंच: पोत्यावर लिहिलेलं पी-टू-ओ-फाइव्ह असतं, मॉडेलला शुद्ध स्फुरद लागतं. डीएपीच्या १८:४६ मधले ४६ म्हणजे प्रत्यक्षात साधारण २०. मॉडेलच्या खतांच्या तक्त्यात ही बेरीज-वजाबाकी आधीच केलेली असते, म्हणून हाताने पुन्हा केली की स्फुरद निम्म्याहून खाली येतं. हे सगळं निस्तरलं, गुणांक परत ०.२ वर आणला आणि आकडे बऱ्यापैकी बसले. एक मोठी चूक सापडली की माणूस निर्धास्त होतो. आम्ही झालो.

निष्कर्ष गावांत सांगायचा दंडक आहे, म्हणून एका ग्रामपंचायतीत बैठक लावली. सरपंच, पाच-सात शेतकरी, कृषी सहायक, भिंतीवर प्रोजेक्टर. गाळाचे नकाशे दाखवले, लोकांनी माना डोलावल्या. असल्या बैठकीत माना डोलावतातच. चहा यायचा असतो. पुढची स्लाइड चुकून राहून गेलेली होती: सोयाबीनच्या एका तुकड्याचा वर्षभराचा पर्णक्षेत्र निर्देशांक, म्हणजे जमिनीच्या मानाने पानं किती, याचा आलेख. मी पुढे सरकवणार तेवढ्यात कृषी सहायक म्हणाले, “सर, थांबा थांबा. हे सोयाबीन होळीला पेरलंय का तुम्ही?”

आलेख मार्चच्या पहिल्या आठवड्यात वर उचलला जात होता आणि मेअखेरीस शून्यावर येत होता. जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर: सपाट रेघ. भर पावसाळ्यात आमच्या मॉडेलमध्ये सोयाबीनचं एक पान नव्हतं.

कारण तिथल्या तिथे कळलं, आणि तेच जास्त लागलं. स्वॅट अमेरिकेत, टेक्सासमधल्या टेंपलला घडलं. पेरणीच्या तारखा आपण दिल्या नाहीत तर ते हीट युनिटवर पेरतं: एक जानेवारीपासून रोजचं सरासरी तापमान बेरजेत टाकत जायचं, आणि वर्षभराच्या एकूण बेरजेच्या ०.१५ हिस्सा भरला की पेरायचं. जिथे जानेवारीत जमीन गोठते तिथे ही बेरीज वसंतात भरते, हिशेब चोख. मराठवाड्यात वर्षाची बेरीज साधारण साडेनऊ हजार अंश-दिवस. तिचा ०.१५ म्हणजे चौदाशेच्या आसपास. जानेवारीचे रोजचे एकवीस-बावीस अंश, फेब्रुवारीचे चोवीस-पंचवीस. मार्च उजाडला की झाली पेरणी. पुढे उन्हाळा, पाणी नाही, पीक करपतं. पण तापमान भरपूर, म्हणून त्याची स्वतःची हीट युनिटं झपाट्याने भरतात, आणि पक्वतेच्या १.२ पट झाली की मॉडेल काढणी करून पीक मारून टाकतं. मृगाच्या आधी रान मोकळं. दुसरं पीक पुढच्या मार्चला.

तरी प्रवाह ०.८२ ने कसा जुळला? हे मी अजून डोक्यात घोळवतोय.

रानात पीक नाही म्हणजे पानांतून उडणारं पाणी नाही, म्हणजे नदीला जास्त पाणी. कॅलिब्रेशन, म्हणजे गुणांक बदलून प्रवाह जुळवण्याचं काम करणाऱ्या सॉफ्टवेअरला पीक-बीक कळत नाही. त्याला एवढंच कळतं की पाणी कमी करायचंय. त्याने दोन गोष्टी केल्या. जमिनीच्या खालच्या थरांतूनही बाष्पीभवन होऊ देणारा गुणांक ०.९५ वरून ०.६ वर उतरवला. आणि पडलेल्या पावसातला किती वाहून जाईल ते ठरवणारा कर्व्ह नंबर वीस टक्क्यांनी पाडला, ८९ वरून ७१. हा आकडा किरकोळ वाटतो, म्हणून उदाहरण करून दाखवतो. कर्व्ह नंबरवरून जमिनीची धारणा काढतात: २५४०० भागिले कर्व्ह नंबर, त्यातून २५४ वजा. ८९ ला धारणा ३१ मिलिमीटर, ७१ ला १०४. एका दिवसात ६० मिलिमीटर पाऊस पडला तर ८९ वाल्या जमिनीवरून ३४ मिलिमीटर वाहून जातो, ७१ वाल्यावरून अकरा. ७१ हा ओळीतल्या पिकाखालच्या हलक्या, वाळूसर, ए गटातल्या जमिनीचा नंबर आहे. आमच्या नकाशात डी गटातली भारी काळी जमीन होती आणि मॉडेल तिला वाळू समजून चाललं होतं. तक्त्यात ‘−०.२०’ असं छापून आलेलं आम्ही पाहिलंही होतं. मर्यादेच्या आत आहे म्हणालो आणि सोडून दिलं.

दुसरी गोष्ट एनएसईचीच. आपल्या नद्या चार महिने वाहतात, आठ महिने कोरड्या. मासिक एनएसई काढला की आठ महिने शून्याला शून्य आयते जुळतात, आणि पावसाळ्यात पाणी येतं एवढं कळणारं कुठलंही मॉडेल बऱ्यापैकी गुण घेऊन जातं. आपल्याकडे मासिक एनएसई म्हणजे पहिलीच्या पोराला हजेरीचे गुण. पण निविदेत अट असते, एनएसई इतक्याच्या वर हवा; कोणतं पीक कधी पेरलं ते दाखवा, अशी अट मी आजवर एकाही निविदेत वाचलेली नाही. पिकाचं उत्पादन तर मॉडेल न मागता काढून देतं. एचआरयूच्या, म्हणजे मॉडेलमधल्या जमिनीच्या एकेका तुकड्याच्या, फायलीत रकाना असतो. उघडून पाहिला तर सोयाबीन हेक्टरी दोन क्विंटलच्या आत. खोऱ्यातला कुठलाही शेतकरी ते वाचून हसला असता. आम्ही तो रकाना उघडलाच नव्हता.

दुरुस्तीला दीड महिना गेला. पहिलं काम, जमीनवापराच्या नकाशातली सगळी शेती एका ‘एजीआरएल’ खात्यात टाकण्याची सवय मोडायची. सोयाबीन आम्ही वेगळं काढलं होतं, उरलेलं सगळं या खात्यात होतं. एजीआरएल म्हणजे ‘सर्वसाधारण शेती’. असं पीक कुठल्याही बांधावर उगवत नाही. आत बरेचसे आकडे ज्वारीचे भरलेले असतात. ई-पीक पाहणी आणि उपग्रहाच्या खरीप-रब्बी नकाशांवरून सोयाबीन, कापूस, तूर, रब्बी ज्वारी, हरभरा, ऊस असे वेगळे तुकडे केले. सोयाबीन-तुरीच्या आंतरपिकाने घोळ घातला. एका तुकड्यात एका वेळी एकच पीक उभं राहू शकतं, म्हणून चारास दोन ओळींच्या हिशेबाने जमीनच वाटून दिली. हे खोटंच आहे, पण होळीच्या सोयाबीनएवढं नाही.

मग तारखा. ‘१ जुलैला पेरणी’ असं सरसकट लिहिलं तर ज्या वर्षी पाऊस लांबला त्या वर्षी मॉडेल धुळीत पेरतं. म्हणून कृषी खात्याचाच सल्ला नियम म्हणून घेतला: जूनपासूनचा पाऊस ७५ ते १०० मिलिमीटर झाला की वाफशावर पेरणी. मंडळाच्या पर्जन्यमापकावरून दर वर्षाची तारीख छोट्या स्क्रिप्टने काढली आणि व्यवस्थापन फायलीत वर्षागणिक ओळी लिहिल्या: ६ नंबरची मशागत, १ नंबरची पेरणी, ३ नंबरचं खत, ५ नंबरची काढणी. स्वॅट प्लस या नव्या आवृत्तीत यासाठी निर्णयतक्ते आहेत, तिथे हेच काम सोपं होतं; पण जुन्या आवृत्तीतलं मॉडेल मध्येच हलवायची हिंमत झाली नाही. आडसाली उसाने वेगळा त्रास दिला. जुलै-ऑगस्टची लागण, सोळा-अठरा महिने उभा, मग खोडवा. आणि मॉडेलचा प्रत्येक वर्षाचा कागद ३१ डिसेंबरला संपतो. मधल्या वर्षी ‘काही करू नको’ असा १७ नंबरचा हुकूम लिहावा लागतो. तो विसरला की खतांच्या तारखा एक-एक वर्ष घसरत जातात आणि कुठेही लाल रेघ येत नाही.

एवढं करून नव्याने जुळवलं. एनएसई आला ०.६९. कर्व्ह नंबर आता दोन-तीन टक्क्यांपलीकडे हलवावा लागला नाही, बाष्पीभवनाचा गुणांक ०.९ वर राहिला. जून अजून बिघडलेला आहे. उन्हाळ्यात काळ्या रानाला हात जाईल अशा भेगा पडतात, पहिले पाऊस त्यांतच जातात, आणि कर्व्ह नंबरच्या पद्धतीला भेगा दिसत नाहीत. मॉडेलमध्ये भेगांचा स्विच आहे, पण भेगांचं आकारमान मोजलेलं कुणाकडे आहे? जूनसाठी कर्व्ह नंबर पुन्हा पाडायचा मोह होता. पाडला नाही.

गाळाचा नकाशा मात्र पालटला. आधी अहवालात सोयाबीनची रानं सगळ्यात लाल होती, कारण त्यांवर पावसाळाभर पीकच नव्हतं. उघड्या जमिनीला मॉडेल झिजेचा सी गुणांक ०.८ पर्यंत लावतं, सोयाबीनखाली तो ०.२ पर्यंत उतरतो. चौपटीचा फरक तिथेच. आता लाल झाली ती रब्बी ज्वारीची रानं. खोल काळी जमीन खरिपात मोकळी ठेवायची, दोन-चार पाळ्या घालायच्या, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात ज्वारी पेरायची ही इथली जुनी रीत आहे. ती रानं पावसाळाभर खरोखरच उघडी असतात. आधीच्या मॉडेलमध्ये सगळंच उघडं असल्यामुळे ती वेगळी उठून दिसत नव्हती. म्हणजे गवताचे पट्टे सोयाबीनमध्ये मागितले होते, आणि चौकोनी कप्पे पाडायला हवे होते रब्बीच्या रानात. नायट्रेटचंही तसंच. मार्चमध्ये टाकलेलं डीएपी कोणी न खाता पडून राहायचं आणि पहिल्या पावसात वाहून जायचं. जूनच्या नायट्रेटला आम्ही ‘खताच्या अतिवापराचा परिणाम’ असं मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं. शेतकऱ्यांवर खापर फोडणारं ते वाक्य सुधारित अहवालातून काढलं आहे.

सुधारित अहवाल घेऊन गेलो तेव्हा समितीतल्या पहिल्या माणसाचा पहिला प्रश्न होता, “एनएसई घसरला कसा?” मी वीस मिनिटं बोललो. इतिवृत्तात एक ओळ आली: ‘मॉडेलची अचूकता वाढविण्याबाबत कार्यवाही करावी.’

गेल्या आठवड्यात त्याच कृषी सहायकांना सगळ्या पिकांचे पानांचे आलेख पाठवले आणि फोन केला. सोयाबीन त्यांना पटलं. रब्बी ज्वारीची पेरणी आठवडाभर अलीकडे घ्या म्हणाले. कापसापाशी थांबले. “तुम्ही दिवाळी झाली की पऱ्हाट्या उपटताय सर. बोंडअळीमुळे आम्हीच सांगतो डिसेंबरच्या पुढे ठेवू नका म्हणून. पण ज्याच्या विहिरीला पाणी आहे तो ऐकतो का? फेब्रुवारीपर्यंत फरदड उभी असते.”

कोणाच्या विहिरीला किती पाणी आहे, ती यादी आता ते पाठवणार आहेत.