आयोवातल्या छोट्या गावांची थिएटरं कुठे गेली?

अमेरिकेतल्या आयोवा राज्यात वॉशिंग्टन नावाचं एक गाव आहे. वस्ती सात-साडेसात हजार, सभोवार मका आणि सोयाबीन, गावाच्या मध्यभागी चौक आणि चौकाभोवती दुकानं. १८९३ मध्ये इथे ग्रॅहम ऑपेरा हाउस बांधलं गेलं. १४ मे १८९७ रोजी तिथे पहिल्यांदा हलती चित्रं दाखवली गेली, आणि त्याच इमारतीत, आता स्टेट थिएटर या नावाने, आजही सिनेमा लागतो. सलग चालू असलेलं जगातलं सर्वांत जुनं चित्रपटगृह म्हणून गिनीजने त्याची नोंद केली आहे. मुंबईत वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची चित्रं ७ जुलै १८९६ ला दाखवली गेली, म्हणजे या गावाच्या दहा महिने आधी. काळा घोड्याजवळची वॉटसनची इमारत अजून उभी आहे. पण तिथे सिनेमा येऊन गेला. वॉशिंग्टनमध्ये तो आला आणि राहिला.

असं नशीब फार थोड्यांचं. आम्ही राहतो त्या भागात हजार-दोन हजार वस्तीच्या जवळपास प्रत्येक गावात एके काळी थिएटर होतं, काही ठिकाणी दोन. ती नेमकी कुठे होती, कधी बंद पडली, त्या जागी आज काय आहे, हे शोधण्याचा नाद मला इथे आल्यावर लागला. माझ्या तालुक्याच्या गावातली टॉकीज माझ्या डोळ्यांदेखत मंगल कार्यालय झाली आणि तिचा एकही धड फोटो कुणाकडे मिळाला नाही. ते मनात सलत होतंच. इथे शोधायची साधनं आहेत हे कळलं आणि मी कामाला लागले.

पहिली अडचण अशी की जुन्या वर्तमानपत्रांत थिएटरच्या जाहिराती भरपूर सापडतात, पण पत्ता सापडत नाही. सिनेमाचं नाव, नटनट्या, खेळाची वेळ, तिकिटाचे सेंट, सगळं असतं. थिएटर कुठे आहे हे मात्र छापलेलं नसतं, कारण वाचणाऱ्या प्रत्येकाला ते माहीत होतं. दुसरी अडचण नावांची. प्रिन्सेस, जेम, स्ट्रँड, मॅजेस्टिक, रियाल्टो, बिजू, स्टेट: हीच नावं गावोगाव. त्यातही एकाच इमारतीची मालक बदलतील तशी नावं बदलत, आणि एखाद्या मालकाने नवी जागा घेतली की जुनं नाव तो सोबत घेऊन जाई. त्यामुळे १९१४ चं प्रिन्सेस आणि १९२४ चं प्रिन्सेस ही एकच जागा असेल असं धरून चालता येत नाही. गावातल्या आजी ठामपणे सांगतात, ‘चौकाच्या उत्तरेला होतं.’ दुसऱ्या आजी तितक्याच ठामपणे पूर्वेला म्हणतात. पुष्कळदा दोघींचंही बरोबर असतं.

हा गुंता सोडवतात ते विम्याचे नकाशे. १८६७ मध्ये सुरू झालेल्या सॅनबॉर्न कंपनीने अमेरिकेतल्या सुमारे १२,००० गावा-शहरांचे नकाशे आगीच्या विमा कंपन्यांसाठी काढले. साधारण ५० फुटांना एक इंच, म्हणजे घरन्‌ घर दिसावं इतकं मोठं प्रमाण. विटांची इमारत गुलाबी, लाकडाची पिवळी, दगडाची निळी. भिंतीची जाडी, मजले, खिडक्या, पाण्याचा नळ कुठे, शेकोटी कुठली, सगळं टिपलेलं. मधल्या काळात बदल झाला तर छापील चिठ्ठी जुन्या नकाशावर चिकटवत. या नकाशांचा मोठा साठा लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे आणि त्यातला बराचसा घरबसल्या फुकट पाहता येतो. चौकातल्या एका अरुंद गुलाबी चौकोनात ‘मूव्हिंग पिक्चर्स’ अशी बारीक अक्षरं पहिल्यांदा दिसली तेव्हा मी नवऱ्याला झोपेतून उठवून दाखवली होती.

विमा कंपनीला सिनेमाशी काय देणंघेणं? तर आग. त्या काळची फिल्म नायट्रेटची होती. ती नुसती पेट घेत नसे. एकदा पेटली की बाहेरच्या हवेवाचूनही जळत राही, पाण्यानेही आटोक्यात येत नसे. १९५०च्या सुमारास सुरक्षित फिल्म येईपर्यंत ऑपरेटरची खोली म्हणजे गावाच्या मध्यावर ठेवलेला दारूगोळाच. म्हणून ती खोली पत्र्याने मढवत. यंत्रासमोरच्या झरोक्यांवर लोखंडी झडपा टांगलेल्या असत आणि त्यांची साखळी अशा मऊ धातूच्या तुकड्याने जोडलेली असे की उष्णतेने तो वितळला की झडप आपोआप खाली पडावी. विम्याच्या माणसाला हे सगळं बघावंच लागे. कलेचा इतिहास लिहिणाऱ्यांनी या गावांकडे वळूनही पाहिलं नाही, पण जोखमीचा हिशेब करणाऱ्यांनी त्यांची इंचाइंचाची नोंद ठेवली. या शोधात मला सर्वांत मोलाचं हेच वाटतं.

नकाशावरून जागा कळली की मग प्रत्यक्ष इमारत वाचायची. आमच्या घरापासून पाऊण तासावर एक गाव आहे. तिथे मी ज्या इमारतीच्या मागे होते ती आज सतरंज्या-गालिच्यांचं दुकान आहे. बाहेरून काहीच कळत नाही, म्हणजे आधी मला कळत नव्हतं. मग हळूहळू दिसायला लागलं. शेजारच्या दुकानांना बाजूच्या भिंतीत खिडक्या आहेत, हिला एकही नाही. दर्शनी भिंतीत, वरच्या मजल्याच्या उंचीवर, वेगळ्या रंगाच्या विटांनी बुजवलेले लहान चौकोन आहेत. पुढे आलेला छज्जा आणि त्यावरची दिव्यांची पाटी जिथे टांगलेली होती तिथे लोखंडी कड्या अजून भिंतीत आहेत. दार रस्त्यापासून चार-पाच फूट आत आहे आणि त्या आतल्या जागेची फरशी चिप्सची, नक्षीची. तिकीट खिडकी तिथेच मधोमध असणार.

दुकानाचे मालक सत्तरीचे. मी कोण, कुठली, हे त्यांनी एकदाच विचारलं आणि मग थेट तळघरात घेऊन गेले. विजेरी वर धरून म्हणाले, ‘बघ.’ वर दुकानाची जमीन सपाट, पण तिच्या खाली जुनी जमीन तशीच होती. दारापासून पडद्याकडे उतरत गेलेली, आणि तिच्या फळ्यांवर खुर्च्यांच्या बोल्टांची भोकं ओळीने. सपाट जमीन नंतर वरून बांधलेली. इमारतीचा वापर बदलला तरी उतार कुणी काढून टाकत नाही, कारण तो काढणं भरून घेण्यापेक्षा महाग पडतं. आता मी कुठल्याही जुन्या दुकानात शिरले की पाय आधी जमिनीचा अंदाज घेतात.

ती भोकं मोजावीत असं मला वाटलं, कारण खुर्च्यांचा आकडा हा या शोधातला फार कामाचा पुरावा. फिल्म डेली या सिनेमाधंद्याच्या वर्तमानपत्राची वार्षिकं निघत. त्यांत राज्यवार, गाववार थिएटरांची यादी आणि पुढे आसनसंख्या. एका वर्षी गावात एका नावापुढे जो आकडा आहे तोच पुढच्या वर्षी वेगळ्या नावापुढे दिसला, तर बहुधा नुसती पाटी बदलली. आकडाही बदलला तर जागा बदलली असण्याचा संभव. विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठाशी जोडलेल्या मीडिया हिस्टरी डिजिटल लायब्ररीने ही वार्षिकं आणि जुनी व्यापारी मासिकं सर्वांसाठी खुली केली आहेत. त्यांत एक सदर असे, ‘व्हॉट द पिक्चर डिड फॉर मी’. १९१६ पासून थिएटरवाले स्वतः त्यात लिहून पाठवत: कुठला सिनेमा चालला, कुठला पडला, रस्त्यात चिखल झाल्यामुळे शेतकरी आलेच नाहीत, प्रिंट किती झिजलेली मिळाली. खाली थिएटरचं नाव, गाव आणि प्रेक्षक कसला, शहरी की खेड्यातला. शिकागोत लागलेला सिनेमा इकडे यायला महिने लागत आणि येईपर्यंत त्यावर रेघा पडलेल्या असत. मी तासन्‌तास हे सदर वाचते. सिनेमाच्या धंद्याबद्दल इतकं खरं मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

‘टीव्ही आला आणि थिएटरं गेली’ असं इथेही सगळे म्हणतात. मला ते आता पटत नाही. पहिली मोठी पडझड टीव्हीच्या पुष्कळ आधीची, बोलपटाची. १९२७ नंतरच्या चार-पाच वर्षांत ध्वनियंत्रणा बसवणं भाग पडलं, आणि ज्याला तो खर्च झेपला नाही त्याने दार लावलं. पाठोपाठ मंदी. त्या दिवसांत टिकलेल्यांनी काय काय केलं ते पाहून मन भरून येतं. आठवड्यातल्या एका रात्री तिकिटाबरोबर चिनीमातीची एक बशी किंवा कप फुकट, म्हणजे पूर्ण संच जमवायचा तर महिनोन्‌महिने सिनेमाला यावंच लागे. ‘बँक नाइट’ला वहीत नाव नोंदवायचं आणि सोडत लागली की बक्षिसाची रोकड. ज्या गावाला थिएटरच नव्हतं तिथे दुकानदार वर्गणी काढून उन्हाळ्यात उघड्यावर, भिंतीवर किंवा चादरीवर सिनेमा दाखवत, म्हणजे शनिवारी शेतकरी कुटुंबं बाजाराला येतील. आपल्याकडे तंबूतला सिनेमा जत्रेच्या मागे जाई, इथे सिनेमाच बाजार ओढून आणी.

१९४६ हे अमेरिकन थिएटरांचं सर्वांत भरभराटीचं वर्ष. त्यानंतर टीव्ही आला हे खरं, पण चांगले रस्तेही आले आणि लोक वीस मैलांवरच्या मोठ्या गावी जाऊ लागले. शेतं मोठी झाली, शेतकरी कुटुंबं कमी झाली, शाळा एकत्र झाल्या. १९८०च्या दशकातल्या शेतीच्या अरिष्टाने आयोवाची किती गावं रिकामी केली ते इथले लोक अजून हळू आवाजात सांगतात. आणि शेवटचा घाव अगदी अलीकडचा. २०१४ च्या सुरुवातीला पॅरामाउंट या बड्या चित्रपट कंपनीने अमेरिकेत फिल्मच्या रिळांवर सिनेमा देणं थांबवलं, बाकीचे मागोमाग आले. डिजिटल यंत्राला एका पडद्यामागे साठ-सत्तर हजार डॉलर. शंभर-दीडशे माणसं येणाऱ्या थिएटरने ते कुठून आणायचे?

तर काही गावांनी आणले. वर्गण्या काढल्या, जेवणावळी घातल्या, थिएटर सार्वजनिक संस्थेच्या नावावर केलं आणि तिकीट फाडण्यापासून झाडलोटीपर्यंत सगळं गावकरी आळीपाळीने करू लागले. त्याआधीचं मोठं उदाहरण आयोवा सिटीचं. १९१२ मध्ये उघडलेलं एंगलर्ट थिएटर १९९९ मध्ये बंद झालं. नागरिकांनी पैसे उभे केले आणि २००४ मध्ये ते नाटक-संगीतासाठी पुन्हा उघडलं. ते बांधणारं जोडपं त्याच इमारतीत वर राहत असे. आयोवा सिटीला कुणी मराठी पाहुणे आले की मी त्यांना आधी तिथे नेते.

एक गोष्ट इथल्या सार्वजनिक वाचनालयांबद्दल लिहायलाच हवी. दीड हजार वस्तीच्या गावातही स्थानिक इतिहासाचा कोपरा असतो. कपाटाच्या खणात विषयवार पाकिटं: शाळा, पूर, आगी, थिएटर. कुणीतरी पन्नास-साठ वर्षं कात्रणं कापून त्यात टाकत आलेलं असतं. मृत्युलेख तर खजिनाच. ‘यांनी तीस वर्षं गावचं थिएटर चालवलं’ या एका ओळीवरून मालकाचं नाव, साल आणि पुढे जमिनीच्या नोंदी असा माग लागतो. ओळखपत्र, अर्ज, शिफारस काही न मागता ते पाकीट माझ्या हातात देतात.

मग आपल्याकडचं काय, हा विचार सतत येतो. पुण्यात मंडईजवळ १९१५ मध्ये सुरू झालेलं आर्यन थिएटर १९८३ मध्ये गेलं आणि तिथे वाहनतळ आला, हे निदान नोंदलेलं आहे. तालुक्याच्या टॉकीजचं काय? कागद आपल्याकडेही होते, आणि इथल्यापेक्षा चांगले होते. १९५३ च्या मुंबई चित्रपटगृह कायद्याखाली प्रत्येक थिएटरला, फिरत्या तंबूलासुद्धा, परवाना लागायचा. त्याच्या फायलीत नकाशा, आसनं, दरवाजे, सगळं असणार. करमणूक कर शाखेकडे तर रोजच्या तिकीटविक्रीचा हिशेब जायचा. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि तो कर त्यात विरला. त्या शाखांच्या नोंदवह्या आता जिल्हाधिकारी कार्यालयांत कुठल्या खोलीत आहेत, की रद्दीत गेल्या, हे कुणीतरी आजच विचारायला हवं. ब्रिटिश सरकारने सिनेमाच्या चौकशीसाठी नेमलेल्या १९२७-२८ च्या रंगाचारियार समितीपुढे थिएटरवाल्यांनी दिलेल्या साक्षी छापलेल्या आहेत, त्या वाचाव्यात. मिळकत पत्रिकेवर जुन्या मालकाचं नाव मिळतं.

वाचकांपैकी कुणी आपल्या गावाच्या टॉकीजचं टिपण करणार असेल तर एवढं लिहा: सगळी नावं, ज्या क्रमाने बदलली त्या क्रमाने, आसनं किती, पिटात किती आणि बाल्कनीत किती, कोणत्या चौकात, कोणत्या दिशेला तोंड, पहिला आणि शेवटचा सिनेमा, आज तिथे काय आहे. ऑपरेटर किंवा डोअरकीपर हयात असतील तर त्यांच्याकडे याच दिवाळीत जा आणि फोनवर त्यांचं बोलणं रेकॉर्ड करा. मंगल कार्यालय झालं असेल तर पुढच्या लग्नाला गेल्यावर स्टेजच्या दिशेने जमीन उतरते का ते बघून मला कळवा.