मामाच्या वर्कशॉपात कोरलेली इलेक्ट्रिक गिटार

इलेक्ट्रिक गिटार म्हणजे बहुतेकदा भरीव लाकूड. अशा गिटारला आवाजाची पेटी नसते. स्टीलची तार थरथरली की खालच्या चुंबकाभोवती गुंडाळलेल्या तांब्याच्या वेटोळ्यात वीज तयार होते आणि आवाज ॲम्प्लिफायरमधून येतो. त्यामुळे अनेकांना वाटतं की ही गिटार बनवणं साध्या गिटारपेक्षा सोपं असणार. हे अर्धंच खरं आहे. लिओ फेंडर हा कॅलिफोर्नियातला रेडिओ दुरुस्त करणारा माणूस, त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. त्याने १९५०च्या सुमाराला सपाट फळी कापून तिला चार स्क्रूंनी मान आवळली, आणि त्या पद्धतीच्या गिटारी आजही जगभर विकल्या जातात. सांगलीतला कुठलाही बरा सुतार तशी गिटार उभी करू शकेल. गिब्सन या कंपनीने मात्र १९५२ साली लेस पॉल नावाची गिटार बाजारात आणताना वेगळी वाट धरली. वरचा मेपलचा थर व्हायोलिनसारखा घुमटदार कोरलेला आणि मान सरसासारख्या गोंदाने कायमची चिकटवलेली. मला या दुसऱ्या जातीची हवी होती. कारण एवढंच, की घुमटदार अंगावर उजवा हात टेकतो तेव्हा कडा कोपराखाली रुतत नाही. आणि थोडा हट्टही होता, तो लपवत नाही.

माधवनगर रस्त्यावर मामाचं वर्कशॉप आहे. दारं, चौकटी, फर्निचर आणि हंगामात देव्हारे. तिथली एक कोपऱ्यातली टेबलजागा मला मिळाली, ती दुपारी चारनंतर आणि कामगारांचं हत्यार न हलवण्याच्या अटीवर.

लाकडावरून नेटवर जेवढी भांडणं होतात, तेवढी क्वचितच कशावरून होत असतील. माझं मत असं, की भरीव गिटारच्या आवाजात लाकडापेक्षा पिकअप, म्हणजे तारांखालचं ते चुंबक आणि वेटोळं, कुठल्या जागी बसवला आहे याचा वाटा मोठा. पण गिटारचं वजन, तिचा टिकाऊपणा आणि हत्याराखाली लाकूड कसं वागतं, हे मात्र लाकडावरच ठरतं. मेपल आणि महोगनी बाहेरून मागवायची तर खर्च आवाक्याबाहेर, म्हणून मी जवळपास काय मिळतं ते पाहिलं. मागच्या अंगासाठी तून घेतलं. सतारी आणि तंबोरे याच लाकडाचे करतात. महोगनी आणि आपला कडुलिंब ज्या कुळातले, त्याच कुळातलं हे झाड. हलकं, लालसर आणि कापायला मऊ. वरच्या थराला हेदू. पिवळसर, बारीक पोताचं, कोरताना कड न फुटणारं. मानेसाठी मामाने एका पाडलेल्या वाड्याची सागवानी तुळई काढून दिली. कैक पावसाळे काढलेलं लाकूड, त्यामुळे ते आता वळेल-पिळेल ही भीती कमी. सागाचे दोन त्रास मात्र आहेत. त्यात सिलिका असते, तिने रंध्याचं पातं भराभर बोथट होतं. आणि तो तेलकट असल्याने चिकटवण्याआधी ॲसिटोनने पुसून लगेच गोंद लावावा लागतो.

फिंगरबोर्ड, म्हणजे मानेवरची बोटं दाबायची पट्टी, शिसवीचा. यात निवडीचा प्रश्नच नव्हता. भारतीय शिसवी जगभरच्या गिटारींवर बसते. ब्राझीलच्या रोझवूडच्या, म्हणजे तिथल्या शिसवीच्या, व्यापारावर १९९२ साली बंदी आल्यावर तर तिची मागणी आणखी वाढली. २०१७ मध्ये शिसवीच्या सगळ्या जातींवर आंतरराष्ट्रीय परवान्यांची अट आली आणि २०१९च्या अखेरीस तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. मला मिळालेली पट्टी एका जुन्या पलंगाच्या बाजूची होती, तिला कुणी परवाना विचारला नाही.

करवत हातात घेण्याआधी ब्राऊन पेपरवर पूर्ण मापाचं चित्र काढलं, वरून आणि बाजूनेही. बाजूचं चित्र जास्त महत्त्वाचं. अंग घुमटदार झालं की मधोमध ते उंच होतं, त्यावर ब्रिज, म्हणजे अंगावर तारा टेकवणारी घोडी, आणखी उंच बसतो. तारा तेवढ्या उंचीवर जायच्या तर मान मागे झुकलेली हवी. माझ्या चित्रात हा झुकाव साडेतीन अंशांचा आला. एक अंश इकडे-तिकडे झाला तरी ब्रिजपाशी तारेची उंची साडेतीन मिलिमीटरच्या आसपास सरकते, आणि ब्रिजचे स्क्रू एवढं अंतर सहज भरून काढत नाहीत. म्हणजे कोरीव कामाचा सगळा थाट या एका कोनावर उभा. मामाला हे चित्र दाखवलं तेव्हा त्यांनी मानेच्या खाचेवर बोट ठेवून विचारलं, "हा उतार अंगात काढणार की मानेत?" मी अंगात म्हणालो. ते म्हणाले, "मग आधी खाच पाड, नंतर कोर. कोरल्यावर गुण्या टेकायला सपाट जागा कुठे सापडणार तुला?" हा सल्ला नसता तर पुढचं काही जमलं नसतं.

पडद्यांची मापं गणिताची. तारेची मोकळी लांबी मी ६३५ मिलिमीटर धरली. तिला १७.८१७ने भागलं की पहिल्या पडद्याचं अंतर येतं, ३५.६४. उरलेल्या लांबीला पुन्हा त्याच आकड्याने भागायचं, की दुसरा. असं करत बारावा पडदा बरोबर मध्यावर, ३१७.५वर यायला हवा. तो आला तर हिशोब बरोबर. खुणा करताना प्रत्येक माप नटपासूनच, म्हणजे मानेच्या वरच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीपासूनच घ्यायचं, आधीच्या पडद्यापासून नाही, नाहीतर केसाकेसाची चूक बाविसाव्या पडद्यापर्यंत साचत जाते. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले, बेसूर वाटला तर सरकवता येतो. गिटारचा पडदा एकदा खाचेत ठोकला की ठोकला. खाच अर्ध्या मिलिमीटरहून जराशी रुंद. त्यासाठी बारीक पात्याची वेगळी करवत मागवावी लागली. वर्कशॉपातली सगळ्यात बारीक करवतसुद्धा इथे कुऱ्हाड ठरली असती.

आता कोरणं. हेदूचा थर १६ मिलिमीटर जाडीचा, कडेला तो ६वर आणायचा होता. एकच फळी मधून चिरून पुस्तकासारखी उघडली आणि दोन्ही भाग मध्यावर जोडले. राउटरने कडेकडेने दोन-दोन मिलिमीटरच्या पायऱ्या पाडल्या. त्या झाल्यावर फळी डोंगरउतारावरच्या भातखाचरांसारखी दिसत होती. इथपर्यंत यंत्र, इथून पुढे हात.

मामाकडे देव्हाऱ्यांची नक्षी करणारे एक वयस्क मिस्त्री आहेत. गोल पटाशी कशी धरायची ते त्यांनी दाखवलं. डावा तळहात लाकडावर टेकलेला, पातं त्याच्या दोन बोटांमध्ये, आणि उजवा हात फक्त ढकलणारा. थांबवण्याचं काम डाव्या हाताचं. सुरुवात नसेला आडवी करायची, म्हणजे पातं खोल घुसत नाही आणि पायऱ्यांचे कोपरे छोट्या ढलप्यांनी निघून जातात. मग तिरकं, मग नसेबरोबर. फळी पुस्तकासारखी उघडलेली असल्याने दोन्ही अर्धांची नस एकमेकींच्या उलट असते. डावीकडे रंधा मानेच्या दिशेने गुळगुळीत चालतो, मधली जोडरेषा ओलांडली की त्याच दिशेने लाकूड उचकटायला लागतं. म्हणून मी पेन्सिलने दोन्ही बाजूंना बाण काढून ठेवले होते. मिस्त्रींना त्याचं हसू आलं. त्यांना ते पात्याच्या आवाजावरून कळतं. सुळसुळ आवाज म्हणजे बरोबर, करकर म्हणजे उलटी नस.

धार लावण्यात जितका वेळ जातो तितकाच कोरण्यात, असं म्हटलं तर फार अतिशयोक्ती नाही. दगड, मग चामड्याची पट्टी, मग पुन्हा लाकूड. बोथट पटाशी जास्त धोक्याची, कारण तिला जोर लागतो आणि जोर लावला की ती निसटते.

सगळ्यात अवघड जागा कडेपासून बोटभर आतली. घुमट थेट कडेपर्यंत उतरत नाही. तो आधी किंचित खोलगट होतो आणि मग कडेला सपाट मिळतो. व्हायोलिनवाले हे शतकानुशतकं करत आले आहेत. ती खोलगट जागा सगळीकडे सारखी आली तरच अंग सुबक दिसतं, कमरेपाशी ती आखूड झाली की सुजल्यासारखं दिसतं. इथे मोजपट्टीचा उपयोग नाही. संध्याकाळी ट्यूबलाइट बंद करून टॉर्च लाकडाला जवळजवळ टेकवून आडवा धरायचा. जिथे सावली तुटते तिथे उंचवटा. तिथे पेन्सिलची खूण, दोन हात स्क्रॅपर, पुन्हा टॉर्च. दिवसा डोळ्यांना जे सपाट दिसलं, त्यात रात्री दऱ्या सापडतात. शेवटी डोळे मिटून अंगठा फिरवायचा. डोळ्याला न दिसणारी लाट अंगठ्याला लागते. मामा अधूनमधून येऊन बघायचे आणि म्हणायचे, "एवढ्यात दोन दरवाजे झाले असते." पण स्क्रॅपरला कड चढवून द्यायला तेच यायचे.

त्या मानाने मान चिकटवणं एका दुपारचं काम, पण छातीत धडधड. अंगातली खाच आणि तिच्यात बसणारी मानेची जीभ एवढी घट्ट, की गोंदाशिवाय गिटार मानेला धरून उचलली तर ती लोंबायला हवी. साधा फेव्हिकॉल मी टाळला. तो वाळल्यावरही सततच्या ओढीखाली किंचित सरकतो, आणि सहा तारांचा मिळून ओढा चाळीस किलोंच्या वरच असतो. त्यासाठी मिळणारा पिवळा गोंद वापरला. मानेच्या पोटात लोखंडी ट्रस रॉड आहे, तारांच्या ओढीने मान वाकू नये म्हणून. ही युक्ती गिब्सनच्याच थॅडियस मॅकह्यूची, १९२३च्या पेटंटची. शंभर वर्षांत तिच्यावाचून कुणाचं फारसं चाललेलं नाही.

पडदे ठोकून, लांब सपाट दगडाने समपातळीत घासून झाल्यावर नट राहिला. तारा ज्यावरून पुढे जातात ती खाचांची पट्टी. ती मला हाडाची हवी होती आणि सांगलीकराला त्यासाठी दूर जावं लागत नाही. मिरजेला सतारमेकरांच्या गल्लीत गेलो. एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांनी, म्हणजे मूळच्या हत्यारं घडवणाऱ्या शिकलगारांनी, तिथे तंतुवाद्यं करायला सुरुवात केली. भोपळे येतात पंढरपूर-मंगळवेढ्याकडून. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं.

एका दुकानात चाचा जवारी लावत बसले होते. घोडीचा हाडाचा पृष्ठभाग कानशीने अगदी हलका घासायचा, तार चढवून छेडायची, ऐकायचं, तार उतरवून पुन्हा घासायचं. तार घोडीवर एका टोकाला टेकते आणि थरथरताना त्या उताराला पुन:पुन्हा चाटून जाते, त्यातून तो झंकार येतो. मी त्यांना सांगितलं, की माझी सगळी धडपड तार कशालाही चाटू नये यासाठी चालली आहे. एखाद्या पडद्याला ती घासली तर गिटारवाले त्याला दोष म्हणतात. चाचा म्हणाले, "मग तुमचं काम सोपं हाये. गप बसवायला कान कमी लागतो." माझा नटचा तुकडा त्यांनी हातात घेतला, खाचांचा उतार पाहिला आणि म्हणाले, मागच्या बाजूला उतार दे, तार पुढच्या कडेवरच टेकली पाहिजे, नाहीतर तुझ्या गिटारला पण जवारी लागेल. नेमकं हेच गिटारच्या कारागिरांचंही म्हणणं असतं. हाडाचे पैसे त्यांनी घेतले, सल्ल्याचे नाही.

पॉलिशला लाखदाणा, स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाच्या बोळ्याने. एकावर एक पातळ हात, मध्ये वाळायला वेळ. हेदूचा पिवळा रंग त्याने मधासारखा गडद होतो आणि वेगळा रंग द्यावा लागत नाही. लाखेचा तोटा ठाऊक आहे. घामाने आणि सॅनिटायझरने ती चिकट पडते. पण खराब झाली तर तेवढ्याच जागी पुन्हा हात मारता येतो, पॉलियुरेथेनचं तसं नाही. मानेची मागची बाजू मी पॉलिश न करता नुसती जवसाच्या तेलाने पुसली, तिथे अंगठा सतत फिरतो.

वायरिंगबद्दल फार सांगण्यासारखं नाही. दोन हम्बकर, म्हणजे दुहेरी वेटोळ्याचे पिकअप, विकत घेतले, आवाज कमी-जास्त करायला ५०० किलोओहमचे पॉट, ०.०२२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, खाचांना आतून तांब्याची पट्टी आणि ब्रिजला अर्थिंगची तार. ही शेवटची तार विसरलात तर तारांवर हात ठेवला तरी पन्नास हर्ट्झची घुरघुर कमी होत नाही. पिकअप स्वतः गुंडाळायचा विचार आला होता. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात केसाहून बारीक तार आणि हजारो वेढे म्हटल्यावर त्यांनी चहा पाजला आणि वाटेला लावलं.

तारा चढवल्यावर गिटार पावणेचार किलो भरली. मान तारांच्या ओढीला सरावायला दोन दिवस दिले, मग ट्रस रॉडला पाव फेरा आणि बाराव्या पडद्यापाशी जाड तार दोन मिलिमीटरवर आणली. स्वर जुळला. कोल्हापूरच्या एका बँडमध्ये वाजवणाऱ्या मित्राच्या हातात दिली. घुमटावर त्याचा हात आपसूक विसावला, त्यावर तो काही बोललाही नाही. तासभर वाजवून म्हणाला, "बाकी सगळं मस्त. मान पहिल्या पडद्यापाशी जाड आहे."

म्हणजे तारा सैल करून पुन्हा कानस. नशीब, मानेला तेलच लावलंय.