जळगावात बसून डांबरी रस्त्यावरचा बर्फ काढला – माझा अनुभव

फायनल इयरला हा विषय का घेतला आणि कसा पार पडला असं ज्युनिअर्स सारखे विचारतात म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. मी अमळनेरची, सिव्हिल जळगावला केलं. विषय असा की डांबराच्या मिक्समध्ये लोखंडाचा बारीक कीस घालायचा आणि वरून इंडक्शन कॉइलने (वीज सोडली की बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार करून जवळचं लोखंड तापवणारं वेटोळं) तो कीस तापवायचा, म्हणजे रस्ता आतून गरम होतो आणि वर जमलेला बर्फ सुटतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या आसपास असतो आणि बर्फ दिसतो तो रसवंतीवर, त्यामुळे घरापासून कॉलेजपर्यंत सगळ्यांनी विचारलं की याचा खान्देशात काय उपयोग. पण माझा मामेभाऊ लेहकडे रस्त्याच्या कामावर आहे, तो सांगतो की फूटभर साचलेल्या बर्फापेक्षा डांबरावर रात्रीत जमणारा पातळ थर जास्त वाईट, तो दिसतच नाही, ब्रेक मारला की गाडी सरळ दरीकडे. मीठ टाकतात पण त्याने गाड्या आणि पुलांचं लोखंड गंजतं आणि फार कडक थंडीत मीठ नीट कामही करत नाही. त्याचं ऐकलं तेव्हाच मी ठरवलं की करायचं तर हेच.

मूळ कल्पना नेदरलँड्सची. तिथल्या डेल्फ्ट विद्यापीठाचे प्राध्यापक एरिक श्लांगेन यांच्या टीमने 2010 मध्ये व्लिसिंगेनजवळ ए58 हायवेवर 400 मीटरचा पट्टा स्टील वूल (लोखंडाचे केसासारखे बारीक धागे, आमचा कीस तो हाच) घालून केला होता, पण तो भेगा बुजवण्यासाठी, म्हणजे डांबर तापून मऊ झालं की बारीक भेगा आपोआप मिटतात. तीच उष्णता आम्हाला बर्फासाठी वापरायची होती.

खडी आणि व्हीजी-30 डांबर (रस्त्याच्या डांबराचा एक ग्रेड) हॉटमिक्स प्लांटवरून मिळालं, त्यात काही अडचण आली नाही. खरा त्रास कीसाने दिला. पॉलिशवाल्याच्या दुकानातलं स्टील वूल लांब धाग्यांचं असतं, ते 155-160 डिग्रीच्या मिक्समध्ये टाकलं की त्याच्या गुठळ्या होतात, आणि गुठळी झाली की तेवढाच भाग भयंकर तापतो आणि बाजूचा थंडच राहतो. मग आम्ही मैत्रिणी हॉस्टेलवर कात्री घेऊन बसलो, बोटांना कापलं तरी धागे अगदी आखूड केले आणि डांबर घालायच्या आधी गरम खडीवर चिमटीने थोडे थोडे भुरभुरवत कालवले, पिठात ओवा टाकतो तसे. प्रमाण खडी सोडून नुसत्या डांबराच्या व्हॉल्यूमच्या 6 टक्के ठेवलं, म्हणजे 1200 ग्रॅमच्या मार्शल नमुन्याला (साच्यात ठोकून केलेली मिक्सची गोल वडी) तीसेक ग्रॅम कीस. तोडून पाहिलं तर आत सगळीकडे सारखा पसरलेला, तेव्हा कुठे जीवात जीव आला.

मग कॉइल. घरची इंडक्शन शेगडी चालत नाही हे आधीच सांगते, तिला वर भांडं असल्याचं कळलंच नाही तर ती टूं टूं करून बंद पडते, आणि डांबरातला एवढासा कीस तिला भांडं वाटत नाही. इथे आमच्या जळगावच्या सराफ बाजाराने हात दिला. आता बरेच कारागीर सोनं इंडक्शन मशीनवर गाळतात आणि ती मशीन रिपेअर करणारे एक काका आहेत, त्यांना चित्र काढून दाखवलं तर म्हणाले, "अगं पोरी, मुशीभोवतीची कॉइल उभी असते, तुला आडवी चकली पाहिजे, दोन दिवसांनी ये." तांब्याच्या नळीची चपटी कॉइल त्यांनी स्वतः वळली, आतून पाणी फिरवायला कूलरचा पंप लावला आणि पैसे फक्त नळीचे घेतले. काकांचे उपकार मी कधी विसरणार नाही.

नमुन्यांना कडेने टेप लावून वर पाणी ओतायचं आणि ओळखीच्या आइस्क्रीमवाल्या दादांच्या डीप फ्रीझरमध्ये रात्रभर ठेवायचं, सकाळी ऊन चढायच्या आत थर्माकोलच्या डब्यातून लॅबमध्ये आणायचं, एसी फुल. शेजारी बिनकीसाचा नमुना ठेवायचाच, नाहीतर बर्फ कॉइलने वितळला की आपल्या हवेने हे कोण सांगणार? थर्मोकपल (तापमान मोजायची तार) कॉइल चालू असताना काहीही आकडे दाखवतो, म्हणून बंद करून मगच रीडिंग घ्यायचं.

आणि जे दिसलं ते असं. बर्फ स्वतः तापत नाही, चुंबकीय क्षेत्र त्याच्यातून आरपार जातं आणि खालचा कीस तापतो. त्यामुळे वरून बर्फ कोरडा पांढरा तसाच, पण कडेला डांबराला लागून पाण्याची एक बारीक चमकती रेघ उमटली, कट् असा आवाज आला आणि मी बोटाने ढकललं तर अख्खी चकती घसरून बाजूला गेली. बिनकीसाच्या नमुन्यावरची जागची हललीसुद्धा नाही. आम्ही लॅबमध्ये ओरडलोच.

व्हायवात बाहेरून आलेल्या सरांनी पहिलाच प्रश्न विजेचा विचारला आणि तो बरोबरच होता. एक किलो बर्फाचं पाणी करायला 334 किलोज्यूल लागतात, एक चौरस मीटरवर 1 सेंटिमीटर थर म्हणजे नऊ किलोच्या वर बर्फ, तो शून्य डिग्रीला असला तरी सगळा वितळवायला जवळपास 0.85 युनिट. 7 मीटर रुंद रस्त्याच्या एका किलोमीटरला हे 6000 युनिटच्या घरात जातं, कोण देणार एवढी वीज? पण सगळा बर्फ वितळवायचाच नाहीये ना! डांबराला चिकटलेला फक्त खालचा 1 मिलिमीटर सुटला की वरचा थर मागून येणाऱ्या गाडीचं पातं खरवडून नेईल, म्हणजे वितळवायची वीज दहाव्या भागावर, रस्ता तापवायला लागेल ती वेगळी. हे सांगितल्यावर सरांनी ती घसरलेली चकती परत करून दाखवायला लावली आणि ती तशीच घसरली.

अडतं ते अंतराला. कॉइल आणि डांबर यात जेवढं अंतर जास्त तेवढी तापण्याची ताकद झपाट्याने कमी होते, म्हणून जाड बर्फावर हे चालणार नाही, आधी वरचा बर्फ मशीनने काढून मग पातळ थरावरच कॉइल फिरवावी लागेल, असं माझं स्पष्ट मत आहे. कीस वर्षानुवर्षं डांबरात गंजतो का हे बघायला आमच्याकडे वेळ नव्हता, ते आता ज्युनिअर बॅचने घेतलंय, नमुने मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवलेत. कॉइल त्यांच्याकडेच आहे, कोणाला लागली तर लॅबमध्ये विचारा, फक्त पंप चालू केल्याशिवाय मशीनचं बटण दाबू नका.