मीटरची सुई नाचते काहून?

बाबांची जीप चौदा वर्षं गोठ्यात उभी होती. महिंद्राची सीजे-३बी, पेट्रोलवाली. बाबांनी ती सरकारी लिलावात घेतली आणि वरुडच्या मंडीत संत्रा नेऊन नेऊन तिचे स्प्रिंगचे पाटे पार दबवले. मागच्या दिवाळीपासून तिला रस्त्यावर आणायच्या मागे लागलो. इंजिन, ब्रेक, पत्रा यांचं रडगाणं पुन्हा कधीतरी. तेवढं सगळं निभावलं आणि शेवटी मला रडवलं ते करंगळीपेक्षाही बारीक, वेगाचं मीटर चालवणाऱ्या केबलनं.

जुनी केबल उंदरांनी कुरतडली होती. नवी आणली. ती खाली ट्रान्सफर केसच्या (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारा डबा) मागच्या शाफ्टवर बसते आणि समोरच्या पत्र्यातल्या भोकातून वर, डॅशबोर्डच्या मधोमध मीटरला जाते. (तो शाफ्ट चाकांच्या बाजूचा, म्हणून लो गिअर टाकून चिखलातून काढली तरी मीटर खोटं बोलत नाही. हे मला फार आवडतं.) मी ती वायरिंगच्या जुडग्यासोबत, वीत-वीतभर अंतरावर टाय आवळून, पत्र्याला चिकटवून अशी नेली की पाहणाऱ्यानं पाहतच राहावं. मीटरच्या मागं जागा कमी, तिथं काटकोनात वळवली. फोटोही काढला.

पहिल्याच फेरीत सुई २० ते ५० नाचायला लागली. पोळ्याच्या तोरणाखाली पहिल्यांदाच उभा केलेला गोऱ्हा जसा.

गॅरेजवाल्या चाचांनी वाकून पाहिलं. "हे काहून एवढं आवळलं भाऊ? केबल आहे का बकरी?"

आतली तार म्हणजे पोलादाचं पीळदार चऱ्हाट. खालचं टोक फिरलं की वरचंही तेवढंच फिरलं पाहिजे. वळण अवघड असलं की तार कव्हरला घासून अडते, पण खालचा गिअर थोडाच थांबतो! तार पीळ खात राहते आणि मग एकदम सुटते. आंबाडीचा दोर पिळताना हातातून निसटला की कसा गर्रकन उलगडतो, तसं. मीटरमध्ये ही तार एक चुंबक फिरवते, चुंबक अॅल्युमिनियमच्या वाटीला ओढतं, वाटीला सुई आणि केसासारखी स्प्रिंग. तारेचा प्रत्येक हिसका तिथवर पोचतो.

सगळे टाय कापले. केबल दोन्ही टोकांना अडकवून मधे मोकळी सोडली. तिनं आपसूक जो बाक घेतला, तोच रस्ता धरला. चाचांचं माप सोपं: वळणात जेवणाचं ताट बसलं पाहिजे. ट्रान्सफर केसजवळ थोडी ढील ठेवली, कारण इंजिन-गिअरबॉक्स रबरावर बसलेले, ते बॉडीपेक्षा वेगळे हलतात. सायलेन्सरच्या पाइपपासून केबल लांब. आमच्याकडे मे महिन्यात नुसती हवाच ४५ अंशांची असते, त्यात पाइपाची भर कशाला? भोकात रबरी ग्रोमेट, म्हणजे काठाला बसणारी कडी, नाहीतर पत्र्याची धार कव्हर कापते. क्लॅम्प दोनच, तेही केबल आत सरकेल असे.

ग्रीसही मी पोळीला तूप लावावं तसं चोपडलं होतं. ते पुसलं. तारेवर बोटानं पातळसा हात फिरवला आणि मीटरकडचं वीतभर टोक कोरडं ठेवलं. तार फिरता फिरता ग्रीस वर चढवते, आणि ते मीटरमध्ये शिरलं की वाटी चिकटते. मग चौकोनी टोक खाचेत बसल्याचं पाहून नट हातानंच आवळला.

खरं दुःख वेगळंच. मीटर सोडवायला डॅशबोर्ड पुन्हा खोलावा लागला आणि नवाकोरा हिरवा रंग तीन ठिकाणी ओरखडला. केबल आधी, डॅशबोर्ड मग, हे कळायला माझे दोन रविवार गेले.

परवा मोर्शी रोडवर नेली. चाचा बाजूला, हातात वेग दाखवणारा माझा मोबाइल. सुई ४० वर, हलायचं नाव नाही. मोबाइल म्हणे ३८. मी पुन्हा केबलचा विचार करायला लागलो, तर चाचा हसले. "राहू द्या भाऊ. तुमच्या बाबाच्या वेळेसबी हे दोन जास्तच दाखवे."