हार्ड डिस्क अखेर टिकली! (रास्पबेरी पाय ४ + अडीच इंची ४ टीबी, पुढचा अपडेट)

झालं एकदाचं! काल रात्री आजोबांच्या पंचाहत्तरीची अख्खी मिनी-डीव्ही कॅसेट रास्पबेरी पाय ४ वरून (टीव्हीला जोडलेला तळहाताएवढा संगणक) टीव्हीवर एका दमात चालली, औक्षणापासून ते पंगतीपर्यंत, मधे एकदाही चित्र थिजलं नाही. आई शेवटपर्यंत बसून होती, एरवी वीस-पंचवीस मिनिटांत "अरे, परत अडकलं बघ" ही हाक यायचीच. त्यामुळे आज सगळं सविस्तर लिहितो, कारण डिस्कवरचा व्हिडिओ मधेच थिजण्याचा हाच प्रॉब्लेम बऱ्याच जणांना येतो आणि सगळे एकाच कारणामागे धावतात, माझ्याकडे मात्र कारणं दोन निघाली, एकाखाली एक लपलेली.

सेटअप आधीचाच, ४ जीबीवाला पाय ४, त्यावर लिब्रेइलेक (लिनक्सवरची छोटी सिस्टिम) आणि त्यातला व्हिडिओ प्लेअर कोडी, आणि निळ्या यूएसबी ३ पोर्टला केसमधे (यूएसबीच्या बाहेरच्या डबीत) घातलेली अडीच इंची ४ टीबी डिस्क, एनटीएफएस म्हणजे विंडोजच्या फॉरमॅटची. फायली म्हणजे कॅमकॉर्डरच्या कॅसेटवरून फायरवायरने उतरवलेल्या डीव्ही फायली, तासाला साधारण १३ जीबी.

पहिलं कारण तुम्हा सगळ्यांना माहीत असलेलं, पॉवर. पाय ४ च्या चारही यूएसबी पोर्टना मिळून १.२ अँपिअर मिळतात, आणि अडीच इंची डिस्क मोटर फिरायला लागते त्या क्षणी एकटीच १ च्या आसपास ओढते. माझ्या यूएसबी मीटरवर सुरुवातीचा तो झटका स्पष्ट दिसतो, मग आकडा निम्म्याहून खाली येतो. त्यात रिमोटचा डोंगल, कधी कीबोर्ड. टीव्हीच्या कोपऱ्यात पिवळी वीज चमकायची, म्हणजे व्होल्टेज ४.६३ च्या खाली. पायची तब्येत सांगणारी गेट-थ्रॉटल्डची कमांड शून्य-एक्स-५०००० दाखवायची, म्हणजे आत्ता ठीक आहे पण बूट झाल्यापासून कधीतरी व्होल्टेज पडलंय आणि प्रोसेसरचा वेगही खाली आणावा लागलाय. या कमांडची सवय लावून घ्या राव, वीज चमकली तेव्हा आपण नेमकं स्वयंपाकघरात असलो तरी हा आकडा सगळं सांगतो.

इथे एक मत ठासून मांडतो. मोबाइलचे ३३ वॅट, ६७ वॅट लिहिलेले चार्जर पायला लावू नका. ते वॅट ९ किंवा त्याहून जास्त व्होल्टवरचे असतात, पाय ४ ला हवेत सरळ ५.१ व्होल्ट ३ अँपिअर, आणि जास्त व्होल्ट मागायची सोय त्यात नाहीच. ५ व्होल्टवर त्यातले बरेचसे २-३ अँपिअरलाच थांबतात आणि वर ती लांब बारीक केबल, अर्धं भांडण तिच्यातच हरतो आपण. अधिकृत अडॅप्टरला वायर पक्की जोडलेली आणि जाड आहे, तेच त्याचं खरं मोल.

तर अडॅप्टर बदलला आणि वेगळ्या अडॅप्टरवर चालणारा पॉवर्ड हब आणला. हब पुण्याच्या तपकीर गल्लीतून घेतला, ऑनलाइन मुद्दाम नाही, कारण तिथल्या दुकानदाराने मीटर लावून बघू दिलं. बॉक्सवर ३ अँपिअर लिहिलेला पहिला हब डिस्क लावल्याबरोबर ४.६ व्होल्टवर घसरला, तो तिथेच परत ठेवला, दुसरा ४.९५ वर ठाम राहिला तो घेतला. हब घेताना अजून एक तपासा, पायचा अडॅप्टर काढायचा, हबचा चालू ठेवायचा आणि पायवरचा लाल दिवा बघायचा. तरीही पेटलेला असेल तर हब उलट्या वाटेने पायला वीज पाजतोय, असा हब नको.

हबनंतर पिवळी वीज गायब, थ्रॉटल्डचा आकडा शून्य, आणि डिस्कमधून मधेच यायचा तो 'टक' आवाज बंद. वाटलं जिंकलो. आणि त्याच संध्याकाळी भाचीच्या बारशाच्या फाइलीत, नाव ठेवायच्या ऐन क्षणाला, चित्र परत थिजलं.

मेख इथे आहे. या वेळचं थिजणं वेगळं होतं. आधी थिजायचं तेव्हा डिस्क बंद पडून परत सुरू व्हायची, आवाजावरून कळायचं. आता मी केसवर बोट ठेवलं तर आतली थरथर अगदी एकसारखी, डिस्क मजेत फिरतेय, दिवा पेटलेला, पण डेटा येत नाही. साधारण अर्धा मिनिट असंच, मग कधी चित्र पुढे सरकायचं तर कधी कोडी सरळ मेनूवर यायचं. ही बोटाची चाचणी मला सगळ्यात उपयोगी पडली. थरथर तुटली तर पॉवरकडे बघा, थरथर चालू आणि चित्र बंद तर गडबड डिस्क आणि पायच्या बोलण्या-ऐकण्यात आहे.

एसएसएचने (नेटवर्कवरून) पायच्या आत जाऊन कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, लॉग काढला (डीमेसेज) तर यूएएसच्या अबॉर्टच्या ओळींची रांग (यूएएस काय ते खाली सांगतो), त्याखाली सुपरस्पीड, म्हणजे यूएसबी ३, डिव्हाइस रिसेट केल्याची ओळ, आणि रिसेट फसला त्या वेळी लिनक्सच्या लेखी डिस्कचं नाव एसडीए होतं ते एसडीबी होऊन परत आलेलं. म्हणूनच कोडीला ती सापडत नव्हती! अर्ध्या मिनिटाचाही उलगडा झाला, लिनक्स डिस्कला दिलेल्या कमांडच्या उत्तराची ३० सेकंद वाट बघतो आणि मगच रिसेट मारतो.

यूएएस म्हणजे यूएसबीवरून स्कझी, डिस्कशी बोलायची नवी पद्धत. जुन्या पद्धतीत एक कमांड दिली की तिचं काम होईपर्यंत दुसरी देत नाहीत, यूएएसमधे अनेक कमांड एकदम रांगेत टाकता येतात, पोस्टाच्या एका खिडकीऐवजी टोकन देऊन सगळ्यांना बसवल्यासारखं. एसएसडीला याचा मस्त फायदा होतो. पण केसमधे साटा (डिस्कचं स्वतःचं कनेक्शन) आणि यूएसबीच्या मधे जी ब्रिज चिप असते तिच्या फर्मवेअरला ती रांग सांभाळता आली पाहिजे, काही चिपना ती जमत नाही आणि माझ्या केसमधली त्यातलीच. डिस्क निर्दोष, बाहेर काढून पीसीला थेट साटावर लावून स्मार्टचे (डिस्क स्वतःच ठेवते त्या तब्येतीच्या नोंदींचे) आकडे बघितले, खराब म्हणून बदललेले, म्हणजे रिअलोकेटेड, सेक्टर शून्य, पेंडिंग शून्य. ज्यांनी ज्यांनी 'डिस्क गेली' म्हणून नवीन डिस्क घेतली असेल त्यांनी जुनी फेकण्याआधी केस बदलून बघा, कळकळीने सांगतोय.

उपाय एका ओळीचा आहे. एलएसयूएसबी कमांडने केसचा आयडी बघायचा, चार अक्षरं, कोलन, चार अक्षरं असा. मग फ्लॅश पार्टिशन (बूटच्या फायलींचं) लिहिण्याजोगं करून रीमाउंट करायचं (लिब्रेइलेकमधे ते एरवी फक्त वाचण्यापुरतं असतं) आणि तिथल्या सीएमडीलाइन फाइलीत यूएसबी-स्टोरेजचं क्वर्क्स पॅरामीटर टाकायचं, बरोबर चिन्हानंतर तो आयडी, परत कोलन आणि छोटा यू. ही फाइल एकाच ओळीची असते, नवीन ओळ पाडायची नाही, आधीच्या मजकुरानंतर एक स्पेस देऊन त्याच ओळीत लिहायचं. आधी फाइलीची कॉपी काढून ठेवा, कारण इथे काही बिघडलं तर पाय बूटच होणार नाही आणि कार्ड पीसीला लावून दुरुस्त करावं लागेल. रीबूटनंतर लॉगमधे या डिव्हाइससाठी यूएएस सोडून यूएसबी-स्टोरेज वापरतोय अशा अर्थाची ओळ दिसली की काम फत्ते. ती ओळ दिसली तेव्हा मी खरंच खुर्चीतून उठलो.

वेगाचं म्हणाल तर मोठ्या फायली सलग वाचायला यूएएस काढल्याने जाणवेल असा फरक नाही, सेकंदाला शंभर एमबीच्या आसपास अजूनही मिळतात, फिरणाऱ्या डिस्कची स्वतःचीच मर्यादा तेवढी आहे.

आता थांबा, हे वेगाचं लिहिताना डोक्यात हिशोब सुरू झाला. डीव्हीला लागतात सेकंदाला ३.६ एमबी. अगदी जड ४के फाइल धरली, १०० मेगाबिटची, तरी साडेबारा एमबी. काळा यूएसबी २ पोर्ट प्रत्यक्षात ३५ च्या आसपास देतो. मग नुसतं बघायला निळा पोर्ट लागतोच कशाला? आणि मागे मी रिमोट अडखळण्याबद्दल लिहिलं होतं, बटण दाबलं की कर्सर दोन सेकंदांनी हलायचा, ते आठवतंय ना? यूएसबी ३ चा डेटा चालू असताना त्याचा रेडिओ गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात येतो, इंटेलने २०१२ मधेच यावर पेपर काढला होता, आणि माझ्या रिमोटचा डोंगल २.४ चाच, तोही डिस्कच्या वायरला खेटून.

लिहिता लिहिता उठून पाय नीट शटडाउन केला, हबची वायर काळ्या पोर्टला लावली (हब यूएसबी ३ असला तरी मग सगळंच २ वर चालतं) आणि परत सुरू केला. रिमोट लोण्यासारखा! मेनू झरझर सरकतोय, आजोबांची फाइल पुढे-मागे ओढली तरी लगेच पकडते. डोंगलसाठी एक्स्टेन्शन वायर मागवणार होतो, ती रद्द. नवीन केसही घेणार होतो, तीही तूर्त रद्द, ते पैसे आता दुसऱ्या ४ टीबी डिस्ककडे.

ती कशाला, तर एनटीएफएसला कंटाळलोय. प्रत्येक वेळी डिस्क मधेच तुटली की व्हॉल्यूमवर 'डर्टी' खूण पडायची, आणि कर्नलमधला नवा एनटीएफएस ड्रायव्हर, ५.१५ पासून आला तो, अशी डिस्क माउंट करायला साफ नकार देतो. फोर्सचा पर्याय आहे पण घरच्या एकुलत्या एक व्हिडिओंवर मी तो चालवणार नाही. मग डिस्क उचलून मेहुण्याच्या लॅपटॉपला लावा, चेकडिस्क चालवा, परत आणा. त्या लॅपटॉपचं फास्ट स्टार्टअप पण बंद करून घेतलं, नाहीतर विंडोज बंद होताना डिस्क अर्धवट धरून ठेवतं. एक्सफॅट सुचवली होती कुणीतरी, पण तिच्यात जर्नल (वीज गेल्यास सावरायला लागणारी बदलांची नोंदवही) नाही, आमच्याकडे वीज जाते तेव्हा इन्व्हर्टर घेईपर्यंतचा झटका पायला पुरतो. त्यामुळे ईएक्सटी४, लिनक्सचं स्वतःचं जर्नलवालं फॉरमॅट, ठरलं. विंडोजला ती थेट वाचता येणार नाही ही तक्रार घरातून आलीच, पण पायवरून सांबाने (नेटवर्कवर फोल्डर वाटणारा प्रोग्रॅम) शेअर केली की मेहुण्याला नेटवर्कमधे फोल्डर दिसतंय, मग आतलं फॉरमॅट कुठलं याच्याशी त्याला काय करायचंय.

क्रम असा धरलाय, नवी डिस्क आधी ईएक्सटी४ करायची, दोन्ही पीसीला लावून माल हलवायचा, मग जुनी फॉरमॅट करून ती बॅकअपला. अडीच इंची मोठ्या डिस्क बहुतेक एसएमआर (ट्रॅक एकमेकांवर चढवून लिहिणाऱ्या) असतात, सलग शेकडो जीबी लिहायला लागलं की मधेच पार मंदावतात, म्हणून कॉपी रात्रभर सोडणार. नव्या डिस्कचं लेबल मात्र अक्षरशः जुनंच ठेवणार, कारण कोडीची लायब्ररी त्या नावाच्या पाथवर उभी आहे, नाव बदललं की पाहिलेल्याच्या खुणा, पोस्टर सगळं पहिल्यापासून.

इतका मोठा साठा कुणी हलवला असेल तर कॉपी झाल्यावर पडताळणी कशाने केली ते सांगा. मी आरसिंक या कॉपी करणाऱ्या प्रोग्रॅमचा चेकसमवाला (दोन्हीकडच्या फायली ताडून बघणारा) पर्याय धरलाय, पण १३-१३ जीबीच्या फायलींवर तो किती वेळ खाईल आणि त्यापेक्षा आधीच प्रत्येक कॅसेटच्या फाइलीचा हॅश (मजकुरावरून निघणारा ओळखीचा आकडा) काढून बाजूला लिहून ठेवणं बरं का, यावर अनुभव हवाय. दुसरा पर्याय बरा असेल तर डिस्क येईपर्यंत हॅश काढायला आजच लावतो.